शाळेकडच्या गोलपुढचं पाणी

प्रिय भोवऱ्या,

तीन आठवडे झाले, तुझा फोन मी उचललेला नाही. प्रत्येक वेळी तुझी वहिनी उचलते आणि मी अंघोळीला गेलोय म्हणून सांगते. एवढ्या अंघोळी मी उभ्या आयुष्यात केल्या नसतील. परवा तीच म्हणाली, "अहो, भावजींना आता वेगळं काहीतरी सांगायला हवं, त्यांनाही कळत असेल." तुला कळत असणारच. म्हणून शेवटी वही घेऊन बसलो. पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर लागलं नाही तर समजून घे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू मध्येच "दादा, ऐक तर" म्हणाला असतास आणि मी नेहमीसारखा ऐकत बसलो असतो.

मैदानाशेजारच्या माझ्या खोलीत बसून लिहितोय. समोर मैदान उघडंबोडकं पडलंय. दोन्ही गोलपुढची माती खणून काढली, नवं बी टाकलं, वर जाळी अंथरली. दर वर्षी या दिवसांत हे काम करताना मी गुणगुणत असतो. यंदा कबुतरं हाकलण्यापलीकडे तोंडातून आवाज निघालेला नाही. मोठ्या फाटकावरची वरच्या श्रेणीची पाटी सोमवारी दोन माणसांनी शिडी लावून उतरवली. पाटीमागच्या भिंतीचा रंग तेवढा अजून नवा आहे, त्यामुळे पाटी गेली तरी तिचा चौकोन दिसतोच. कपडे धुणाऱ्या बाईंना पुढच्या हंगामात येऊ नका म्हणून सांगितलं. मसाजवाला स्वतःहून गेला. तिकीट खिडकीवरचे काका रोज येतात, खिडकी उघडतात, दुपारी बंद करून घरी जातात. खालच्या श्रेणीत गेलेल्या क्लबाला एवढी माणसं परवडत नाहीत, असं कार्यालयात सांगतात. बावीस वर्षांत पहिल्यांदा आपण खाली गेलो. मी या बावीस वर्षांतला एकही दिवस विसरलेलो नाही, आणि तूही विसरला नसशील, कारण वर गेलो त्या सामन्यात तू मधल्या फळीत खेळत होतास आणि मी रेषेपलीकडे चुन्याची बादली घेऊन उभा होतो.

तुला आठवतं का, बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी एकोणीस. वर्कशॉपमध्ये बाबांच्या लेथवर मला घेत होते. सगळे म्हणत होते, पोरा, पक्की नोकरी आहे, डोळे मिटून हो म्हण. मी मात्र क्लबात मैदानावरच्या कामाला लागलो. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. का लागलो, ते मी कुणाला सांगितलं नाही. खेळाडू घरी गेले की मैदान रिकामं असतं, आणि किल्ली माझ्याकडे असणार होती, एवढंच कारण. शाळा सुटली की तू दप्तरासकट फाटकाशी यायचास. चेंडू पायात आला की तू जागच्या जागी असा गरगर फिरायचास की मी तुला भोवरा म्हणायला लागलो. रोलर फिरवताना टाकीकडच्या कोपऱ्यातला एक तुकडा मी मुद्दाम खडबडीत सोडायचो, वाकडी उसळी घेणारा चेंडू तुला ताब्यात घेता यावा म्हणून. मुकादमाच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं माझी चांगली हजेरी घेतली. मी सांगितलं, तिथं दगड लागतोय, रोलर चढत नाही. पुढं वर्तमानपत्रात तुझ्याबद्दल छापून आलं की अवघड चेंडू ह्याच्या पायाला चिकटतो. ते कात्रण तुझ्या वहिनीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

हे सगळं उपकार मोजून दाखवायला लिहीत नाही. मला फक्त हे सांगायचंय की गवत, माती आणि पाणी यांच्यापलीकडे मला काही येत नाही, आणि जे येतं ते मी तुझ्यासाठीच वापरत आलो.

हा हंगाम पहिल्यापासूनच वाईट होता, प्रशिक्षक तू असलास तरी त्यात तुला दोष देणार नाही. पहिल्या सहा सामन्यांत एक बरोबरी आणि पाच हार. आपल्या मुख्य फॉरवर्डचा गुडघा तिसऱ्या सामन्यात गेला आणि त्याच्या जागी आणलेला पोरगा गोलसमोर आला की नमस्कार करून परत फिरल्यासारखा खेळायचा. तू वाळत चालला होतास. पाच-शून्यनं हरलो त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलास, खताच्या पोत्यावर बसलास आणि तोंड झाकून रडलास. म्हणालास, "दादा, मला काही येत नाही रे. माझं नाव मोठं झालं, मी नाही झालो." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा माझे हात चुन्यानं भरलेले होते; तुझ्या कोटावर पाच बोटं उमटली. त्या दिवशीचा तू खरा होतास. त्यावर माझा अजून विश्वास आहे. तो ठेवला नाही तर मला फार मागं जाऊन सगळंच तपासावं लागेल.

मग थंडीत दोन आठवडे खेळ बंद होता. तू म्हणालास, बायकोला आणि मुलीला घेऊन जरा समुद्राकडे जाऊन येतो, डोकं शांत होईल. आलास तो खरंच शांत होऊन आलास. मला किती बरं वाटलं होतं. आरडाओरडा थांबला, सरावाला वेळेवर यायचास, वेळेवर जायचास. कप्तानाला तू बाकावर बसवलंस तेव्हा लोक चिडले; मी त्यांच्याशी भांडलो. तिकीट खिडकीवरच्या काकांना म्हणालो, "तुम्ही तिकिटं फाडा, संघ निवडायला तो आहे." तरीसुद्धा पडत-धडपडत आपण शेवटच्या सामन्यापर्यंत जिवंत राहिलो. शेवटचा सामना घरी, समोर बंदरवाले. आपण त्यांच्यापेक्षा दोन गुणांनी पुढं, आणि दोघांपैकी एकच संघ वरच्या श्रेणीत राहणार होता. त्यांना जिंकायलाच हवं होतं. आपल्याला बरोबरी पुरेशी होती.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. गवत अगदी बारीक काप म्हणालास. मी म्हटलं, "बारीक गवतावर चेंडू पळतो. आपली पोरं दमलेली आहेत, त्यांची ताजी आहेत. आपल्याला तर खेळ संथ हवा." तू म्हणालास, "दादा, खेळाचं मी बघतो, गवताचं तू बघ." असं तू मला आधी कधी म्हणाला नव्हतास. मी कापलं.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. आपली पोरं जीव तोडून खेळली, हे तूही नाकारणार नाहीस. मध्यंतरात तू माझ्याकडे आलास आणि शाळेकडच्या गोलपुढं पाणी मार म्हणालास. मी तुला दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही शब्दांसकट आठवतात. एक, "तिथली माती चिकण आहे, पाणी वरच राहतं." दुसरी, "आता त्या बाजूला गोलात आपला लांब्या उभा राहणार आहे." तू घड्याळ बघितलंस. म्हणालास, "त्यांचे फॉरवर्ड घसरतील तिथं, म्हणूनच सांगतोय. वाद नको, वेळ नाही." अडतीस वर्षं मी हे मैदान सांभाळतोय. गोलरक्षकाच्या पायाखाली पाणी मारायचं नसतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण सांगणारा तू होतास. मी पाइप ओढला आणि पाणी मारलं.

सामना संपायला दहा मिनिटं होती. त्यांच्या एका पोरानं लांबून, काही सुचेना म्हणून मारलेला चेंडू. त्यात ना जोर, ना फिरकी. लांब्यानं असले चेंडू सरावात गप्पा मारता मारता उचललेत. तो उजवीकडे सरकायला गेला, त्याचा डावा पाय मागच्या मागे निघून गेला, तो गुडघ्यावर आपटला आणि चेंडू त्याच्या हातापासून वीतभर अंतरावरून आत गेला. मैदानात एवढी माणसं होती, पण जाळीला चेंडू लागल्याचा आवाज मला ऐकू आला. मी तुझ्याकडे बघितलं. तू डोक्याला हात लावला नाहीस, खाली बसला नाहीस. तू पाण्याची बाटली उघडलीस आणि एक घोट घेतलास. मी मनाला समजावलं, बसलेल्या धक्क्यानं माणूस असा होतो.

त्यानंतरच्या मंगळवारी लीगचा माणूस चौकशीला आला. त्याच्याजवळ टीव्हीवरची चित्रं होती. त्यात मी पाइप घेऊन उभा, अगदी स्पष्ट. त्यानं विचारलं, पाणी कुणी मारायला सांगितलं. मी म्हणालो, "कुणी नाही. माझी नेहमीची पद्धत आहे." तोपर्यंत मला काहीही माहीत नव्हतं बरं का. तुझ्यावर ठपका येऊ नये, तुझा अंदाज चुकला एवढंच, असं समजून मी खोटं बोललो. तू राजीनामा दिलास तेव्हा मला अभिमान वाटला होता, की बघा, जबाबदारी घेणारा माणूस असा असतो. आठवड्यानं बंदरवाल्यांनी त्यांचा नवा प्रशिक्षक जाहीर केला. तिकीट खिडकीवरच्या काकांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि परत खिडकीकडे गेले. मी तरीही म्हटलं, पोट कुणाला चुकलंय, काम मिळालं, घेतलं.

मग तुझं सामान बांधायला आम्ही दोघं आलो. तुझी बायको काचेची भांडी कागदात गुंडाळत होती, मी तिच्या हातात एकेक देत होतो. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, नवं घर कसं आहे. ती बिचारी मोकळेपणानं सांगायला लागली. "छान आहे, दादा. आम्ही बघितलं तेव्हा थंडी होती, बाग सगळी वाळलेली. मला तर तेव्हा नकोच वाटत होतं. पण हे म्हणाले, आत्ताच जीव लावू नकोस, ते लोक वरच्या श्रेणीत राहिले तरच आपलं जायचं, खाली गेले तर त्यांचा शब्द संपला." असं म्हणून तिनं पुढची बशी मागायला हात पुढं केला. तू पलीकडच्या खोलीत खोक्यांना चिकटपट्टी लावत होतास. पट्टीचा करकर आवाज थांबला. किती वेळ थांबला ते मी सांगू शकत नाही, पण तुझ्या वहिनीनंही मान वर केली. मग तू दारात आलास आणि म्हणालास, "चहा टाकू का सगळ्यांना?" मी बशी तिच्या हातात दिली. तुझ्या बायकोचा यात काही दोष नाही. तिला कशाचा कशाशी संबंध आहे हे अजूनही ठाऊक नसावं. तिला तू काही बोलला असशील तर तिची माफी माग.

मी चहा प्यायलो नाही आणि घरी चालत आलो. एक तास लागतो, मला दोन लागले. तू थंडीपासून दुसऱ्यांचा होतास. माझ्या पोत्यावर बसून रडलास तो आमचा होतास, आणि परत आलास तो त्यांचा. रोज सकाळी मला "काय दादा, गवत काय म्हणतंय" विचारणारा माणूस त्यांचा होता. क्लबाला फसवलंस, पोरांना फसवलंस, त्याबद्दल लोक काय बोलायचं ते बोलतील. पण पाण्याचा पाइप माझ्या हातात होता. तुला ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता आलं नसतं, कारण दुसऱ्या कुणी ते ऐकलंच नसतं. या जगात एकच माणूस होता जो स्वतःला पटत नसूनही तुझ्यासाठी तिथं पाणी मारेल, आणि तू बरोबर त्याच्याकडेच आलास.

एवढ्यावरही मी कदाचित गप्पच बसलो असतो. तू धाकटा आहेस, तुला झाकायची मला जन्मभराची सवय. पण गेल्या बुधवारी लांब्याच्या घरी गेलो होतो. तुला कळलं असेल, लीगनं त्याला चौकशी होईपर्यंत खेळायला बंदी केली आहे. गोल त्यानं मुद्दाम सोडला, असा संशय आहे. त्याच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी हातभर लाल अक्षरांत लिहून ठेवलंय, "विकला गेला". त्याची मुलगी शाळेत जायला त्याच दारातून निघते. मी रेषा मारायचा पांढरा रंग आणि रुंद ब्रश घेऊन गेलो. तीन हात दिले तरी खालून गुलाबी दिसत होतं. लांब्या शिडी धरून उभा होता. एवढा सहा फुटांचा माणूस, पण खांदे असे आत ओढलेले की मला आधी तो त्याचा थोरला भाऊच वाटला. म्हणाला, "माळीदादा, मी रोज तोच चेंडू बघतो. माझा पाय का गेला, मला कळत नाही. बूट नवे होते, खिळे तपासलेले होते. कधीकधी मलाच शंका येते, की मी खरंच सोडला की काय." मी शिडीवर होतो म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही. मी विचारलं, तुझे सर काही बोलले का. तर म्हणतो, "हो ना, सरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, धीर धर, लोक विसरतात. त्यांचाच तेवढा आधार वाटला." माझ्या हातातून ब्रश पडला. त्यानं तो उचलून, पुसून मला परत दिला.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुझ्या नव्या संघाचे सामने कुठल्या चॅनलवर लागतात, असं ती दोनदा विचारून गेली. नवीन चष्मा करून घेतला आहे तिनं. तिची तब्येत ठीक आहे, पाय सुजतात तेवढेच.

आता हे पत्र का लिहिलं ते. येत्या गुरुवारी अकरा वाजता लीगच्या कार्यालयात लांब्याची चौकशी आहे. मी आधी दिलेला जबाब खोटा होता, मला पुन्हा बोलायचं आहे, असं मी काल लेखी कळवलं. पाणी मारायला तू सांगितलंस, मी नको म्हणालो होतो, आणि तुझा त्यांच्याशी शब्द थंडीतच झाला होता, हे तिन्ही मी सांगणार आहे. माझ्याकडे पुरावा नाही. तू नाही म्हणालास तर माझ्या शब्दापुढं तुझा शब्द राहील, आणि तुझं नाव मोठं आहे. खोटं बोललो म्हणून माझं कामही जाईल. पाणी मीच मारलं, तेव्हा ते जायला हवंच. तुझं काय होईल याचा विचार मी पाच दिवस केला, आणि प्रत्येक वेळी शिडी धरून उभा असलेला लांब्या मध्ये आला. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी आधी लिहिलं. तू स्वतः येऊन सांगितलंस तर मी बाहेर बाकावर बसून राहीन, एक शब्द बोलणार नाही, आणि बाहेर आलास की तुझ्याबरोबर घरी येईन, लोक काय वाटेल ते म्हणोत. पण अकरा वाजून गेले आणि तू आला नाहीस, तर माझं नाव पुकारतील तेव्हा मी आत जाईन.

एवढं होऊनही तुझाच,
दादा